स्वयंसेवी नकाशांकन : नवोदितांचे स्वागत आणि मार्गदर्शन

नकाशा हे राज्यकारभाराचे जुने साधन आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली, तेव्हा सैन्याच्या हालचाली आणि महसुलाची आकारणी या दोन प्रमुख गरजा नजरेसमोर होत्या. नकाशा शासनाने तयार करावा आणि शासनानेच वापरावा, ही परंपरा त्यानंतर दीर्घकाळ टिकली. या परंपरेने देशाला अचूक नकाशे दिले, यात शंका नाही. मात्र १:५०,००० या प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशात एक सेंटीमीटर अंतर म्हणजे प्रत्यक्षातील ५०० मीटर. वीस घरांची एखादी वाडी किंवा पाडा अशा नकाशात दोन-चार ठिपक्यांत सामावतो. त्यातील हातपंप कोठे आहे, पावसाळ्यात कोणती वाट बंद होते, हे त्यातून कळत नाही. आरोग्य उपकेंद्राची जागा ठरवताना नेमकी हीच माहिती लागते. ती ज्यांच्याजवळ असते त्या रहिवाशांनी आणि त्यांना साहाय्य करणाऱ्या स्वयंसेवकांनी नकाशा तयार करणे, त्यात सातत्याने भर घालणे आणि तो सर्वांसाठी खुला ठेवणे, या प्रक्रियेला स्वयंसेवी अथवा लोकसहभागी नकाशांकन असे म्हणतात.

भारतातील पूर्वपीठिका

ही कल्पना संगणकाबरोबर आली, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गुजरातमध्ये आगाखान ग्रामीण साहाय्य कार्यक्रम आणि कर्नाटकात मायराडा या संस्थांनी ग्रामस्थांकडून जमिनीवरच गावाचे नकाशे काढून घेण्याची पद्धत रूढ केली. रांगोळी, खडे, बिया, पाने अशी हाताशी असलेली साधने त्यासाठी वापरली जात. सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन या नावाने ही पद्धत पुढे जगभर गेली. ब्रिटनमधील अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी तिचा प्रसार केला. केरळमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी भूविज्ञान अध्ययन केंद्र आणि केरळ शास्त्र साहित्य परिषद यांनी पंचायत साधनसंपत्ती नकाशांकनाचा उपक्रम हाती घेतला. कन्नूर जिल्ह्यातील कल्लियाश्शेरी येथील कार्य त्यात विशेष उल्लेखनीय ठरले. १९९६ मध्ये केरळात सुरू झालेल्या लोकनियोजन मोहिमेस या अनुभवाचा आधार लाभला. मुंबईत स्पार्क या संस्थेने १९८५ मध्ये पदपथवासीयांची गणना करून 'आम्ही, अदृश्य' अशा अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल प्रसिद्ध केला. तो नकाशा नव्हता. परंतु नोंदीत नसलेल्या माणसांना नोंदीत आणण्याची प्रेरणा तीच होती.

या उपक्रमांमागील सूत्र आजही उपयुक्त आहे. बाहेरून आलेल्या जाणकाराने खडू स्वतःच्या हातात धरला की ग्रामस्थ गप्प होतात, हे त्या काळच्या कार्यकर्त्यांच्या लवकर लक्षात आले होते. म्हणून खडू दुसऱ्याच्या हाती देणे, हाच प्रशिक्षणाचा पहिला पाठ ठरला.

खुल्या अंकीय नकाशाचा उदय

मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएस संकेतांमध्ये हेतुतः ठेवलेली त्रुटी काढून टाकली आणि सामान्य नागरिकाच्या हातातील उपकरण काही मीटरपर्यंत अचूक स्थान सांगू लागले. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप या प्रकल्पाचा प्रारंभ केला. त्या देशातील सरकारी नकाशांची आधारसामग्री जनतेच्या पैशातून तयार होत असूनही ती वापरण्यासाठी शुल्क आणि निर्बंध होते. त्यावर स्वयंसेवकांनी शोधलेला हा मार्ग होता. २००७ मध्ये भूगोलतज्ज्ञ मायकेल गुडचाइल्ड यांनी अशा सामग्रीला 'स्वयंस्फूर्त भौगोलिक माहिती' या अर्थाची संज्ञा दिली. माहितीच्या विश्वसनीयतेबद्दल प्रारंभी शंका घेतल्या गेल्या. लंडनमधील अभ्यासक मुकी हॅकले यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत सरकारी नकाशाच्या मानाने ही माहिती सरासरी सुमारे ६ मीटरच्या अंतरात असल्याचे दिसून आले. तथापि, सधन वस्त्यांची नोंद दाट आणि गरीब वस्त्यांची विरळ, हेही त्यातूनच पुढे आले. हा दुसरा निष्कर्ष विकासाच्या विद्यार्थ्याने अधिक लक्षात ठेवावा.

मालकीचा प्रश्नही येथे महत्त्वाचा आहे. गूगलच्या मॅप मेकर या सेवेवर अनेक भारतीय स्वयंसेवकांनी गावे आणि रस्ते नोंदविले. ती सेवा मार्च २०१७ मध्ये बंद झाली. ओपनस्ट्रीटमॅपची आधारसामग्री मात्र २०१२ पासून मुक्त आधारसामग्री परवान्याखाली उपलब्ध आहे. श्रेय देणे आणि सुधारित सामग्री त्याच अटींवर खुली ठेवणे, एवढीच अपेक्षा त्यात आहे.

येणारे बहुत, टिकणारे अल्प

कोणत्याही स्वयंसेवी उपक्रमाची खरी परीक्षा नोंदणीच्या आकड्यांत नसते. हायडेलबर्ग येथील संशोधक नाइस व त्सिप्फ यांनी २०१२ मध्ये ओपनस्ट्रीटमॅपच्या सुमारे ५ लाख सदस्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी केवळ ३८ टक्के सदस्यांनी किमान एक दुरुस्ती केली होती आणि सातत्याने योगदान देणारे ५ टक्क्यांच्या आसपास होते. विकिपीडियाविषयी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवोदितांच्या प्रामाणिक लेखनालाही कात्री लावण्याच्या प्रथेमुळे नवे लेखक टिकत नाहीत, असे आढळून आले. नकाशांकनाला हे तितकेच लागू पडते. किंबहुना येथे हानी अधिक होते. कारण विश्वकोशातील नोंद दुसरा कोणी लिहू शकतो, परंतु आपल्या तांड्याची वाट ठाऊक असलेली व्यक्ती एकदा निघून गेली की ती वाट पुन्हा कोणी नोंदवील, याची शाश्वती नसते.

नवोदित नेमका कोठे अडखळतो? या नकाशाची रचना तशी सोपी आहे. विहीर, शाळा यांसाठी बिंदू. रस्ता, नाला, इमारत यांसाठी बिंदूंना जोडणारी रेषा. आणि बसमार्ग किंवा तालुक्याची सीमा अशा अनेक घटकांच्या समूहासाठी 'संबंध'. प्रत्येक घटकाला 'टॅग' म्हणजे गुणनिर्देशक शब्दांची जोडी लावली जाते. अडचण उद्भवते ती या शब्दांत, कारण ते ब्रिटिश इंग्रजीतून आले आहेत. 'हायवे' हा शब्द तेथे पायवाटेपासून द्रुतगती मार्गापर्यंत सर्वच वाटांसाठी वापरला जातो. भारतीय विद्यार्थी मात्र त्याचा अर्थ महामार्ग असा घेतो आणि गोंधळतो. 'अनक्लासिफाइड' म्हणजे वर्गीकरण न झालेला रस्ता, असे त्याला वाटते. वस्तुतः दोन गावांना जोडणाऱ्या लहान सार्वजनिक रस्त्यासाठीची ती निश्चित संज्ञा आहे. महसुली गाव आणि त्यात मोडणाऱ्या वाड्या-वस्त्या यांतील भेद आपल्याकडील प्रत्येक तलाठ्याला माहीत असतो. तो या शब्दावलीत कसा बसवावा, हे मात्र कोणी तरी समजावून सांगावे लागते.

याखेरीज काही चुका जवळपास प्रत्येकाकडून होतात. नावाच्या रकान्यात 'पाण्याची टाकी' असे वर्णन लिहिले जाते. उपग्रह प्रतिमा प्रत्यक्षापेक्षा काही मीटर सरकलेली असल्याचे ध्यानात न आल्याने संपूर्ण वस्ती सरकते. आपण पाहत असलेला नकाशा जगभर तोच दिसतो, याची कल्पना नसल्यामुळे कोणी 'माझे घर' अशी नोंद करून ठेवतो. गूगलच्या नकाशावरून नावे उतरवून घेणे ही चूक सर्वांत गंभीर होय. कारण त्यात परवान्याचा भंग होतो आणि ती नोंद पुसावीच लागते. हेतू मात्र यांपैकी कशातही वाईट नसतो.

स्वागताची रीत

ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक बदल दुरुस्ती-संच म्हणून नोंदला जातो आणि त्यावर कोणालाही अभिप्राय देता येतो. काही देशांतील अनुभवी स्वयंसेवक आपल्या परिसरातील नवोदितांच्या पहिल्या दुरुस्तीकडे लक्ष ठेवतात व त्यांना स्वागताचा संदेश पाठवितात. हा संदेश साचेबद्ध असेल तर त्याचा उपयोग बेताचाच असतो. 'आपण नोंदविलेली बंधाऱ्याजवळची वाट आतापर्यंत नकाशात नव्हती; ती बैलगाडीची आहे की चारचाकी जाऊ शकते?' असा प्रश्न विचारला गेला, तर नवोदिताला दोन गोष्टी एकाच वेळी समजतात : आपले काम कोणी तरी पाहिले आणि टॅग निवडताना काय विचारात घ्यायचे असते. प्रश्नाच्या रूपातील अभिप्रायाचा आणखी एक लाभ आहे. दूर बसलेल्या परीक्षकाचा समज चुकीचा असण्याचीही शक्यता असते. उपग्रह प्रतिमा जुनी असते आणि गेल्या पावसाळ्यात वाहून गेलेला पूल ग्रामस्थालाच ठाऊक असतो.

नोंद सरसकट रद्द करणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. म्हणूनच तो अखेरचा उपाय मानला पाहिजे. दुरुस्ती शक्यतो नवोदितालाच करू द्यावी आणि त्याच्या भाषेत बोलावे. नकाशात एका ठिकाणाचे नाव मराठी, तमिळ, संताळी अशा अनेक भाषांत स्वतंत्रपणे नोंदविण्याची सोय आहे. आपल्या गावाचे नाव आपल्या लिपीत लिहिणे हे प्रारंभासाठी अतिशय योग्य काम होय : त्यात काही बिघडण्याचा धोका अल्प, आणि ते स्थानिक माणसानेच करायला हवे असे.

महाविद्यालयांत आयोजित होणाऱ्या मॅपेथॉन, म्हणजेच सामूहिक नकाशांकन सत्रांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. एका दुपारी किती हजार इमारती रेखाटल्या, हा आकडा वृत्तपत्रात छापण्यास सोयीचा असतो. परंतु मार्गदर्शक पुरेसे नसतील तर तिरप्या भिंतींच्या आणि एकमेकींवर चढलेल्या इमारतींची रास मागे उरते, आणि ती निस्तरण्याचे काम मूठभर जुन्या स्वयंसेवकांवर पडते. आयोजित नकाशांकनासाठी ओपनस्ट्रीटमॅप प्रतिष्ठानने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या, त्या याच अनुभवातून. उद्देश, सहभागी व वापरलेली साधने आगाऊ जाहीर करावीत, अशी अपेक्षा त्यांत आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते लहान गट, ओळखीचा परिसर आणि महिन्याभराने पुन्हा भेट, एवढी पथ्ये पाळणारे सत्र अधिक फलदायी ठरते.

आपत्तीच्या प्रसंगी

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला, तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीचा उपयुक्त अंकीय नकाशा उपलब्ध नव्हता. जगभरातील स्वयंसेवकांनी उपग्रह प्रतिमांवरून तो अल्पावधीत तयार केला आणि मदत पथकांनी वापरला. या कार्यातूनच मानवतावादी ओपनस्ट्रीटमॅप पथक ही संस्था आकारास आली. बाधित प्रदेशाचे लहान चौकोन पाडून प्रत्येक स्वयंसेवकास एक चौकोन देणे आणि दुसऱ्या अनुभवी व्यक्तीने तो तपासणे, अशी कार्यपद्धती तिने रूढ केली. नवोदितासाठी हा चौकोन म्हणजे मर्यादित आणि पूर्ण करता येण्याजोगे काम असते.

मात्र २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपाने निराळा धडा दिला. तेथे काठमांडू लिव्हिंग लॅब्ज ही स्थानिक संस्था भूकंपापूर्वीपासूनच विद्यार्थ्यांना नकाशांकन शिकवीत होती. परिणामी, परदेशांतून हजारो स्वयंसेवक मदतीस आले तेव्हा त्यांना दिशा देणारे, स्थळांची नावे आणि प्राधान्यक्रम सांगणारे लोक काठमांडूतच उपलब्ध होते. डिसेंबर २०१५ मधील चेन्नईच्या पुरात नागरिकांनी जलमय रस्त्यांची नोंद याच खुल्या नकाशावर केली. केरळात ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतर राज्य शासनाच्या माहिती तंत्रज्ञान मिशनने 'मॅपेथॉन केरळम्' हा उपक्रम हाती घेतला. नवोदितांना शिकविण्याचे काम आपत्तीपूर्वी व्हावयास हवे. पाणी चढू लागल्यावर त्यासाठी वेळ राहत नाही.

कायद्याची चौकट

मार्गदर्शकाने नवोदितास टॅगबरोबर कायदाही सांगितला पाहिजे. राष्ट्रीय नकाशा धोरण, २००५ अन्वये संरक्षण मालिका आणि खुली मालिका असे दोन प्रकारचे नकाशे निश्चित झाले. २०१३ मध्ये गूगलने भारतात घेतलेल्या मॅपेथॉन स्पर्धेस भारतीय सर्वेक्षण विभागाने हरकत घेऊन पोलिसांत तक्रार केली होती. २०१६ मध्ये भू-अवकाशीय माहितीच्या नियमनाचे कठोर विधेयक मसुदारूपाने पुढे आले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. दृष्टिकोनात निर्णायक बदल झाला तो १५ फेब्रुवारी २०२१ रोजी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी. भारतीय व्यक्ती व संस्थांना भू-अवकाशीय माहिती गोळा करणे व प्रसिद्ध करणे यांसाठी पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. क्षैतिज दिशेने १ मीटर व उभ्या दिशेने ३ मीटर या मर्यादेपेक्षा सूक्ष्म माहिती निर्माण करण्याचा अधिकार भारतीय घटकांपुरता ठेवण्यात आला. संवेदनशील बाबींसाठी निर्बंधांची तरतूदही आहे. राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण, २०२२ यापुढची पायरी आहे. स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनद्वारे होणारे गावठाणांचे मापन हे शासकीय कार्य असून मालमत्तापत्रकाशी जोडलेले आहे. स्वयंसेवी नकाशाला असा कोणताही कायदेशीर आधार नाही, हा भेद परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावा.

सीमांचा विषय सर्वांत नाजूक आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्यक्ष ताब्यानुसार सीमा दाखविण्याचे धोरण आहे, तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत असा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियम, १९६१ अन्वये शिक्षापात्र ठरू शकते. त्यामुळे विद्यार्थ्यांनी प्रकल्पात किंवा भित्तिपत्रकात भारताची बाह्यसीमा दाखविताना सर्वेक्षण विभागाने प्रसिद्ध केलेली रेषाच वापरावी आणि खुल्या नकाशातून रस्ते, वस्त्या, पाणवठे असा स्थानिक तपशील घ्यावा.

त्या तपशिलालाही मर्यादा आहेत. घरमालकांची नावे नकाशात नसावीत. एखाद्या वस्तीला अतिक्रमण हटविण्याची धास्ती असेल, किंवा आदिवासी ग्रामसभेला आपली देवराई अथवा औषधी वनस्पतींच्या जागा बाहेर कळू द्यावयाच्या नसतील, तर नोंद करण्यापूर्वी त्यांची संमती घेणे आवश्यक ठरते. ती मिळाली नाही, तर तेवढा भाग रिकामा ठेवणे हेही नवोदिताला शिकवावे लागते.