जुना ट्रॅक्टर व गवत कापणीयंत्र : सफाई आणि निगा

सायंकाळी औतावरून सुटलेला बैल धुताना शेतकरी केवळ त्याच्या अंगावरील चिखल काढीत नाही. जू घासून खांदा सोलला आहे काय, खुरात काटा रुतला आहे काय, पाय सुजला आहे काय, हे सर्व त्याचा हात आपोआप तपाशीत असतो. बैलाच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही दृष्टी यंत्राच्या बाबतीत मात्र क्वचितच आढळते. खंडेनवमीस ट्रॅक्टर धुऊन त्यास झेंडूचा हार घालण्याची चाल सर्वत्र आहे. परंतु वर्षातून एकदा केलेली ही सफाई यंत्रास पुरेशी होत नाही. जुने यंत्र केवळ वयोमानाने निकामी होते असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक धूळ, ओल आणि दुर्लक्ष ही तीन कारणे वयापेक्षा अधिक घातक होत. नियमित सफाई म्हणजेच नियमित तपासणी, हे तत्त्व ध्यानी घेतल्यास जुन्या यंत्राकडूनही दीर्घकाळ काम घेता येते.

भारतात ट्रॅक्टर तयार करण्यास आयशर कंपनीने १९५९ मध्ये प्रारंभ केला. १९६३ मध्ये मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन होऊन बी-२७५ हा ट्रॅक्टर येथे बनू लागला. पुढे १९७१ मध्ये पिंजोर येथील एच.एम.टी. कारखान्यातून आणि १९७४ मध्ये स्वराज कारखान्यातून ट्रॅक्टर बाहेर पडले. त्या काळच्या व त्यामागून आलेल्या ट्रॅक्टरांची रचना साधी आहे. खोल नांगरटीस असा जुना ट्रॅक्टर अपुरा पडला, तरी फळबागेतील गवत कापण्यासारख्या हलक्या कामास तो उपयोगी पडतो.

गवत कापणीयंत्राचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. ज्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या सहयोगाने मुंबईत बी-२७५ तयार होऊ लागला, त्याच कंपनीने अमेरिकेत १९६१ मध्ये कब कॅडेट हा लहानसा बाग-ट्रॅक्टर विक्रीस आणला. १९६३ मध्ये जॉन डियर कंपनीने आपला ११० हा बाग-ट्रॅक्टर काढला. अशा ट्रॅक्टरांच्या पोटाखाली कापणीयंत्र टांगलेले असते व ते पट्ट्याने फिरते. तेथील हौशी लोक हे जुने ट्रॅक्टर आजही निगुतीने चालू ठेवतात. आपल्या फळबागांत कापणीयंत्र ट्रॅक्टरच्या मागे तीन-बिंदू जोडणीवर बसविलेले असते, ते पीटीओच्या दांड्याने फिरते व त्यास बागाईतदार स्लॅशर म्हणतात. जोडणी भिन्न असली तरी पत्र्याचे कवच व त्याखाली फिरणारी पाती ही रचना दोहोंत सारखीच असल्यामुळे निगेची तत्त्वेही सारखीच आहेत.

सफाईपूर्वी घ्यावयाची दक्षता

पीटीओचा दांडा सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदात नऊ. धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक किंवा लुगड्याचा पदर त्यात सापडल्यास माणसाने हात उचलण्यापूर्वीच वस्त्र गुंडाळले जाते व माणूस ओढला जातो. पात्याचा वेग तर याहूनही भयंकर आहे. दीड मीटर व्यासाच्या वर्तुळात मिनिटास ९०० फेरे घेणाऱ्या पात्याचे टोक सेकंदास सुमारे ७० मीटर, म्हणजे ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने जात असते. अशा पात्याने उडविलेला खडा दूरच्या माणसासही जायबंदी करू शकतो. म्हणून पुढील नियम कधीही मोडू नयेत.

१. पीटीओ सोडवून इंजिन बंद करावे, हातब्रेक लावावा व किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान यंत्रात स्पार्क प्लगची तारही काढून ठेवावी.

२. इंजिन बंद झाले तरी पाती काही वेळ फिरतच राहतात. ती पूर्ण थांबल्याची खात्री डोळ्यांनी करून घ्यावी.

३. केवळ हायड्रॉलिक लिफ्टवर तोलून धरलेल्या यंत्राखाली हात किंवा डोके घालू नये. तेलाची नळी फुटल्यास अथवा लिव्हरला धक्का लागल्यास संपूर्ण यंत्र खाली येते. यंत्र उचलल्यावर दोन्ही बाजूंस भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत.

४. दांड्यावरील संरक्षक नळी मोडली असल्यास ती बदलल्याशिवाय यंत्र चालवू नये. लहान मुलांस यंत्राजवळ येऊ देऊ नये.

कवचाची सफाई

ओले गवत कापले असता त्याचा लगदा कवचाच्या आतील बाजूस चिकटून बसतो. वाळल्यावर त्याचा थर टणक होतो व पुढच्या वेळी त्यावर दुसरा थर चढतो. या थरात ओल धरून राहते आणि पत्रा आतून गंजू लागतो. वरून रंग शाबूत दिसत असता खालून पत्रा चाळणीसारखा झाल्याचे उशिरा लक्षात येते. शिवाय कवचाखालील जागा कमी झाल्याने कापलेले गवत मोकळेपणी बाहेर पडत नाही, यंत्रावर ताण येतो व डिझेलचा खर्च वाढतो.

यास्तव काम संपताच, थर ओला असतानाच, लाकडी पट्टीने किंवा बोथट उलथण्याने तो खरवडून काढावा. तीक्ष्ण लोखंडी हत्याराने रंग निघतो व तेथूनच गंज लागतो. खरवडल्यानंतर आवश्यक तर पाण्याने धुऊन कवच उन्हात पूर्ण वाळवावे. रंग गेलेली जागा पॉलिश कागदाने घासून तीवर गंजरोधक अस्तर व रंग द्यावा. कवचास जळके ऑइल फासण्याची काही ठिकाणी पद्धत आहे, ती टाळावी. त्यावर धूळ व गवत अधिकच चिकटते आणि ठिबकणारे ऑइल बागेची जमीन बिघडविते.

कवच स्वच्छ झाल्यावर त्याच्या सांध्यांकडे पाहावे. जोडाच्या कडेने केसासारखी तांबूस रेघ दिसल्यास तेथे तडा गेला आहे असे समजावे. अशी रेघ मातीखाली कधीच दिसली नसती. सफाईचा खरा लाभ तो हाच.

पाती

पट्ट्यावर चालणाऱ्या कापणीयंत्राच्या पात्यास धार लावताना मूळचा उतार कायम ठेवावा व दोन्ही टोकांचे लोखंड सारखेच काढावे. एक टोक जड राहिल्यास पाते थरथरते व अल्पकाळात बेअरिंग खराब होते. तोल पाहण्याची रीत सोपी आहे. भिंतीत आडवा खिळा ठोकून त्यावर पाते मधल्या छिद्रात अडकवावे. जे टोक खाली झुकेल ते कानशीने थोडे थोडे घासून पाते आडवे स्थिर राहील असे करावे.

स्लॅशरची पाती बोल्टवर सैल लटकणारी असतात, जेणेकरून दगड लागताच ती मागे फिरावी. त्यांना वस्तऱ्यासारखी धार नको. परंतु ती मोकळेपणी हलली पाहिजेत व त्यांचे वजन सारखे असले पाहिजे. म्हणून एक पाते बदलताना त्याच्या समोरचेही बदलावे. वाकलेले पाते तापवून सरळ करू नये व तुटलेले जोडून वापरू नये. तापविल्याने पोलादाचे पाणी उतरते व असे पाते भर वेगात तुटण्याचा संभव असतो. पात्याचे बोल्ट दररोज पान्याने तपासावेत.

गिअरबॉक्स, दांडा व पट्टा

फळबागेत सुतळी, तार व ठिबक सिंचनाच्या नळीचे तुकडे पडलेले असतात. ते पात्याच्या आसाभोवती गुंडाळले जातात आणि ऑइल सील कापतात. प्रथम ऑइल झिरपते, मग धूळ आत शिरते व अखेरीस गिअर झिजून जातात. काही रुपयांच्या सीलपायी सगळा गिअरबॉक्स गमावण्याची पाळी येते. म्हणून आसाभोवतीचे सर्व गुंडाळे चाकूने कापून काढावेत व तेथे ऑइलचा ओलसर डाग आहे काय ते पाहावे. गिअरबॉक्समधील ऑइलची पातळी तपासून पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल घालावे.

पीटीओच्या दांड्यावरील सांध्यांस नियमित ग्रीस द्यावे. दगड किंवा खुंट लागताच यंत्र वाचावे म्हणून ज्या दांड्यावर मऊ बोल्ट दिलेला असतो, तेथे तो तुटल्यावर कठीण पोलादाचा बोल्ट घालण्याचा मोह आवरावा. बोल्ट तुटला नाही तर त्याच्या जागी गिअर तुटतो. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रात पट्ट्यावर ऑइल सांडू देऊ नये व चिरा पडलेला पट्टा वेळीच बदलावा.

ट्रॅक्टरची सफाई

गवत कापताना ट्रॅक्टरला जितकी धूळ व तुसे खावी लागतात, तितकी इतर कामांत क्वचितच. रेडिएटरच्या जाळीत गवताचे बी व तुसे अडकून हवा कोंडते व इंजिन तापते. जाळी साफ करताना पंख्याच्या बाजूने पुढच्या बाजूस हलक्या दाबाने हवा किंवा पाणी सोडावे. समोरून मारलेल्या फवाऱ्याने तुसे अधिकच आत जातात. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

जुन्या ट्रॅक्टरांपैकी पुष्कळांवर ऑइलचे भांडे असलेला एअर क्लीनर असतो. आत येणारी हवा ऑइलवरून व तारेच्या जाळीतून जाते आणि धूळ ऑइलात राहते. धुळीच्या दिवसांत हे भांडे रोज उघडून पाहावे. तळाशी गाळ साचला असल्यास किंवा ऑइल दाट झाले असल्यास भांडे डिझेलने धुऊन, कोरडे करून खुणेपर्यंतच नवे ऑइल भरावे. खुणेच्या वर भरलेले ऑइल इंजिनात खेचले जाऊन इंजिन अनावर होण्याचा धोका असतो. भांडे स्वच्छ असूनही रबरी नळी फाटलेली असेल तर सर्व श्रम व्यर्थ होत, कारण हवा गाळल्याविना आत जाते.

ट्रॅक्टर धुताना पुढील क्रम ठेवावा.

१. इंजिन थंड होऊ द्यावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी पडल्यास बीड तडकण्याचा व डिझेल पंप अडकण्याचा संभव असतो.

२. प्रथम कोरड्या ब्रशने गवत व धूळ झाडावी, विशेषतः सायलेन्सरजवळची. तेथे साचलेले वाळके गवत पेट घेऊ शकते.

३. एअर क्लीनरचे तोंड व सायलेन्सरचे नळकांडे झाकावे. डायनामो, स्टार्टर व बेअरिंग यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये.

४. धुतल्यानंतर सर्व निपलांत ग्रीस भरावे. जुने मळके ग्रीस व आत शिरलेले पाणी बाहेर पडून नवे स्वच्छ ग्रीस दिसू लागेपर्यंत ग्रीस गन चालवावी.

५. बॅटरीच्या अग्रांवरील पांढरी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावी. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. बॅटरी सोडविताना ज्या अग्राची तार ट्रॅक्टरच्या सांगाड्यास जोडलेली असते ती प्रथम काढावी व जोडताना शेवटी जोडावी.

गाजर गवताचा प्रसार

यंत्राची सफाई ही केवळ यंत्रापुरती बाब नाही. पुण्यात १९५६ च्या सुमारास प्रथम नोंदले गेलेले गाजर गवत देशभर पसरले, आणि त्याच्या एकेका झाडास हजारो बारीक बिया येतात. फुलावर आलेले गाजर गवत कापून न झाडता यंत्र दुसऱ्या शेतात नेले, तर कवचाखालील लगद्याबरोबर हे बीही तेथे जाते. भाड्याने गावोगाव फिरणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. म्हणून यंत्र ज्या शेतात चालले त्याच शेतात ते झाडून मगच पुढे न्यावे. गाजर गवताच्या स्पर्शाने व परागांनी अनेकांस त्वचेचे विकार व दमा होतो. यास्तव सफाईच्या वेळी हातमोजे घालावेत व नाकातोंडावर फडके बांधावे.

हंगाम संपल्यावर

यंत्र बरेच दिवस बंद ठेवावयाचे असल्यास ते स्वच्छ व कोरडे करून छपराखाली, फळ्यांवर ठेवावे. पात्यांस ग्रीसचा पातळ हात द्यावा. टाकी डिझेलने भरून ठेवावी, म्हणजे आत दव धरून पाणी साचत नाही. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घालावा. उंदीर तारा कुरतडतात. तेव्हा यंत्राजवळ धान्य किंवा पेंढा साठवू नये. पुन्हा सुरू करण्यापूर्वी डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी काढून टाकावे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांस सूचना

या विषयावर व्याख्यान देण्यापेक्षा गावातील एखादे जुने यंत्र सर्वांसमक्ष साफ करून दाखविणे अधिक परिणामकारक ठरेल. सफाईत आढळलेला प्रत्येक तडा, सैल बोल्ट व ऑइलचा डाग खडूने खूण करून दाखवावा. ट्रॅक्टर चालविणारा पुष्कळदा मालक नसून गडी असतो. त्यास प्रात्यक्षिकात आवर्जून बोलवावे, कारण यंत्रापासून होणारा अपघात प्रथम त्यालाच होतो. अधिक शिक्षणाची इच्छा असणाऱ्या तरुणांस मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय शेती यंत्रसामग्री प्रशिक्षण व परीक्षण संस्थेची माहिती द्यावी. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत यंत्रे चालविण्याचे व त्यांच्या देखभालीचे शिक्षण मिळते.

दिवसाकाठी पाऊण तास, एक ब्रश, एक पाना व एक ग्रीस गन एवढ्या भांडवलावर हे काम होते. नवा ट्रॅक्टर घेणे प्रत्येकास शक्य नाही. परंतु असलेला स्वच्छ ठेवणे सर्वांस शक्य आहे. शेतकरी बंधूंनी बैलाच्या खांद्यावर जसा हात फिरविला, तसाच तो यंत्रावरही रोज फिरवावा. त्यामुळे यंत्र टिकेल आणि ते चालविणारा हातही सुरक्षित राहील.