पहिला टप्पा पूर्ण

लातूर, शनिवार, २६ मार्च २०२२. बाजार समितीच्या आवारात ऊन चढू लागलंय. हरभऱ्याचे ढीग पडलेत, हमालांच्या पाठीवरून कट्टे उतरतायत, आणि सोयाबीनच्या पोटलीचा भाव अजून निघायचा आहे. एका आडतीच्या ओट्यावर सात-आठ जण एकाच मोबाइलवर वाकलेत. पडद्यावर मॉस्कोचा एक जनरल बोलतोय. मागे नकाशा, नकाशावर बाण. मराठी निवेदिका सांगते की युक्रेनमधल्या मोहिमेच्या पहिल्या टप्प्यातली मुख्य कामं साधारणपणे पूर्ण झाल्याचं रशियाच्या संरक्षण मंत्रालयानं काल जाहीर केलं; यापुढे सगळा जोर डोनबासवर.

"पूर्ण झाली म्हणायलेत," औसा तालुक्यातले एक शेतकरी मान वर करतात. "मग ते कीव्ह कुठं घेतलं?"

कुणी उत्तर देत नाही. मोबाइलवाला तोच तुकडा पुन्हा लावतो. सगळे पुन्हा ऐकतात.

या माणसाच्या घरात दिवाळीपासून वीसेक क्विंटल सोयाबीन पडून आहे. भाव सात हजारांच्या पुढे गेलाय, आणि तो का गेलाय हे इथल्या हमालालाही ठाऊक आहे. आपण बाहेरून आणतो त्या सूर्यफूल तेलातला मोठा वाटा युक्रेनचा, उरलेलाही बराचसा रशियाचा. काळ्या समुद्रातली जहाजं अडली, तेल तापलं, तेलाच्या मागोमाग सोयाबीन तापलं. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवरच्या किराणा दुकानांत बायका तेलाच्या डब्याचा भाव ऐकून अर्ध्या डब्यावर येतायत, आणि इथे आडतीवर त्याच भावानं शेतकऱ्याच्या हातात चार पैसे पडतायत. लढाई खरंच संपत आली असेल तर आज माल घालावा. नसेल तर थांबावं. म्हणून मॉस्कोचा जनरल खरं बोलतोय की खोटं, हा या ओट्यावर गप्पांचा विषय नाही. वर्षाच्या कमाईचा आहे.

"चौसष्ट किलोमीटरची गाड्यांची रांग दाखवली होती की," दुसरा एक तरुण म्हणतो. "कीव्हच्या दारात आली म्हणून. ती कुठं गेली? ती पोचली असती तर यांनी नकाशावर पहिला बाण तिथंच काढला असता."

औशाचे काका मान हलवतात. "पूर्ण झालं म्हणणाऱ्याला इचारावं, तू गेल्तास का बघायला." मग ते माझ्याकडे वळून सांगतात ते युद्धाचं नसतंच. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस मांजरा फुगली, धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठचं उभं सोयाबीन पाण्यात गेलं. नंतर पंचनामे पूर्ण झाल्याची बातमी आली. "आमच्या शिवारात कुणी पाय टाकला नव्हता, साहेब. बातमी मी त्याच चिखलात उभा राहून ऐकली."

हा माणूस कधी महाराष्ट्राबाहेर गेलेला नाही. तरी दूरदेशीच्या सैन्याचा दावा कसा तपासायचा हे त्याला मी सांगायची गरज नाही. जे दाखवलं त्यापेक्षा जे दाखवायचं बंद झालं त्याच्याकडे तो बघतो. गाड्यांची रांग दाखवायची बंद झाली. कीव्हचं नाव घ्यायचं बंद झालं. दावा बदलला की ठरवलेलं काम झालं नाही, असा त्याचा सरळ हिशेब आहे, आणि मला तो पटतो.

भाव निघतो. काका माल घालत नाहीत. "संपली नाही ही लढाई," ते उठता उठता म्हणतात. मग जरा थांबून, खालच्या आवाजात: "संपावी मात्र. लेकरं मरायलेत."

एसटीचा संप अजून मिटलेला नाही, म्हणून नांदेडला मी काळ्यापिवळ्या जीपनं निघतो. चाकूर, अहमदपूर, लोहा. रस्त्याच्या कडेला उन्हाळी सोयाबीनची हिरवी शेतं अधूनमधून दिसतात. यंदा बियाण्यासाठी बऱ्याच जणांनी पेरलंय. जीपमध्ये कोंबून बसलेल्यांतला एक जण नोव्हेंबरपासून कामावर न गेलेला एसटीचा वाहक आहे. किती कर्मचारी परतले, किती फेऱ्या सुटल्या याचे आकडे रोज जाहीर होतात, आणि तो आपल्या आगाराच्या रिकाम्या फलाटावरून तेच आकडे वाचतो. युक्रेनचा विषय निघतो तेव्हा तो खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणतो, "आकडा कोण मोजतंय त्यावर असतंय सगळं."

नांदेडला तरोड्याकडच्या एका घरात मला जायचंय. घरातली मुलगी खारकीव्हला वैद्यकीच्या चौथ्या वर्षाला होती. अकरावी-बारावी लातूरला केली, नीटला शासकीय जागेइतके गुण पडले नाहीत, खासगी महाविद्यालयाची फी बापाच्या पगारात बसणारी नव्हती. मराठवाड्यातून युक्रेनला गेलेल्या कितीतरी मुलांची हीच वाट आहे. ऑपरेशन गंगाच्या विमानांनी साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय परतले, त्यांत ही एक.

ती पाणी आणून देते, समोर बसते, आणि फोन पालथा ठेवते. थोड्या वेळानं उचलून बघते. पुन्हा पालथा.

"काका, पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, शहरांवर हल्ले करत नाही, फक्त लष्करी ठिकाणं," ती म्हणते. "ते मी होस्टेलच्या तळघरात वाचलं. वर खिडक्या थरथरत होत्या."

तळघरात पाण्याच्या बाटल्या किती उरल्यात यावरून दिवस मोजले जात होते. १ मार्चला सकाळी खारकीव्हच्या फ्रीडम चौकातल्या प्रादेशिक प्रशासनाच्या इमारतीवर क्षेपणास्त्र आदळलं. त्याच दिवशी, खाण्याचं सामान घ्यायला रांगेत उभा असलेला कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याचा वैद्यकीचा विद्यार्थी मारला गेला. दुसऱ्या दिवशी भारतीय दूतावासाची सूचना आली: खारकीव्ह ताबडतोब सोडा, संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाये, बेझल्युदिवका गाठा, वाहन मिळालं नाही तर चालत जा. ही मुलगी चालत पिसोचिनला गेली. ते सांगताना ती तळपायाकडे बघते, आणि तिची आई उठून आत जाते.

हावेरीच्या त्या मुलाचं पार्थिव या सोमवारी, २१ तारखेला, बंगळुरूला पोचलं. आईवडिलांनी ते दावणगेरेच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दान केलं. "डॉक्टर व्हायचं होतं त्याला," ती म्हणते, आणि पुढे बराच वेळ काही म्हणत नाही.

मी विचारतो, युक्रेनच्या बाजूचं सगळं खरं वाटतं का.

ती लगेच उत्तर देत नाही. तिच्या एक बाई टेलिग्रामवर रोज निरोप टाकतात: आम्ही जिंकतोय, तुम्ही अभ्यास करा. त्या बाईंवर तिचा जीव आहे. पण ती स्नेक आयलंडची गोष्ट काढते. २४ फेब्रुवारीला युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कींनी सांगितलं की बेटावरचे सगळे सैनिक लढता लढता मेले, त्यांना मरणोत्तर सन्मान मिळेल. तळघरात मुली रडल्या. चार दिवसांनी युक्रेनच्याच नौदलानं कळवलं की ते जिवंत आहेत, रशियाच्या कैदेत आहेत. "जिवंत आहेत कळलं तेव्हा खूप बरं वाटलं. पण तेव्हापासून मी दोन्हीकडचं लिहून ठेवते. तारीख घालून."

तिचे आजोबा मघापासून बाजेवर बसून ऐकतायत. हदगाव तालुक्यातलं गाव, वय पंच्याऐंशीच्या पुढे. ऐकायला कमी येतं असं घरचे म्हणतात, पण हे सगळं त्यांना ऐकू आलंय.

"निजामाचा रेडिओ असाच होता," ते म्हणतात.

१९४८च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं त्यांचं घर पैनगंगा ओलांडून उमरखेडकडे गेलं होतं. नदीपलीकडे निजामाची हद्द संपायची. तिथे एका वाड्यात रेडिओ होता. सप्टेंबरात लढाई सुरू झाली तेव्हा मोठी माणसं आधी हैदराबाद लावत, मग दिल्ली. "हैदराबाद म्हणायचं, आमची फौज पुढं चालली. दिल्ली म्हणायची, आमची पुढं चालली. वडील म्हणायचे, दोघं पुढं चालले असतील तर एकमेकांच्या अंगावरून गेले का?"

रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी मूळ लातुरात वकिली करणारा माणूस. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवू, अशी त्याची भाषणं होती. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गात शिरलं आणि १७ तारखेच्या संध्याकाळी निजामानं शरणागती पत्करली. पाच दिवस. इथल्या माणसांनी तेव्हा सरकारी विजयवार्ता आणि विजय यांतलं अंतर स्वतः पाहिलं, आणि ती आठवण घराघरांत अजून सांगितली जाते. ज्यांनी रझाकारांचे अत्याचार सोसले त्यांना मुक्तीचा आनंद किती मोठा होता हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या लहानपणी १७ सप्टेंबरचं झेंडावंदन गावात दिवाळीसारखं व्हायचं.

पण आजोबा तिथे थांबत नाहीत.

"आम्ही परत आलो," ते म्हणतात, "तेव्हा माझ्या वर्गातला एक पोरगा नव्हता. महेबूब. त्याचं घरही नव्हतं. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, पुस्तक उघड."

खोलीत कुणी हलत नाही. नातीनं हे याआधी ऐकलेलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

भारतीय सैन्याची ती 'पोलीस कारवाई' झटपट आणि सुरळीत पार पडली, हे सरकारी चित्र. त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानातल्या मुसलमानांची कत्तल झाली. चौकशीला पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार. तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही. रझाकारांनी केलेले खून आम्ही पाठ केले, आणि ते करायलाच हवेत. पण दुसरी यादी आम्हाला शाळेत कुणी दिली नाही. मॉस्कोवर बोट ठेवताना नांदेडच्या माणसानं हे विसरू नये, असं मला मनापासून वाटतं. आपल्या बाजूच्या विजयाचा हिशेब मागणं जास्त अवघड असतं. ते या म्हाताऱ्या माणसानं आज नातीसमोर केलं.

मुलगी उठते आणि आतून एक वही आणते. प्रात्यक्षिकांची वही, पुढून शरीरशास्त्राच्या आकृत्या, मागून आकडे. रशियात ४ मार्चपासून सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरवल्याबद्दल पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा आहे. तिथल्या तिच्या वयाच्या मुलीला अशी वही ठेवणंही धोक्याचं ठरलं असतं. इथे ती बाजेवर उघडून ठेवता येते. ती मला म्हणते, "लिहिणार असाल तर हे लिहा, काका. दोन्हीकडचं. तारखेसह."

म्हणून तसंच उतरवून घेतो.

रशियाचे मृत सैनिक, रशियाच्या म्हणण्याप्रमाणे: २ मार्चला ४९८, काल २५ मार्चला १,३५१. मधल्या तेवीस दिवसांत आकडा नाही. युक्रेनच्या म्हणण्याप्रमाणे सोळा हजारांच्या वर. नाटोच्या अंदाजानं सात ते पंधरा हजार. या आठवड्याच्या सुरुवातीला कोमसोमोल्स्काया प्राव्दा या मॉस्कोच्या वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर ९,८६१ असा आकडा दिसला आणि काढून टाकला गेला. संकेतस्थळात कुणी घुसखोरी केली, असा खुलासा आला.

युक्रेनचे मृत सैनिक, युक्रेनच्या म्हणण्याप्रमाणे: १२ मार्चला सुमारे १,३००. त्यानंतर वहीत काही नाही.

मृत नागरिक, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे: एक हजाराच्या वर. त्याच्याखाली मुलीनं त्या कार्यालयाचं म्हणणं मराठीत लिहून घेतलंय: खरी संख्या याहून बरीच जास्त असणार, कारण मारिउपोलसारख्या ठिकाणांहून आलेली माहिती अजून पडताळता आलेली नाही.

आपला आकडा अपुरा आहे, असं स्वतःहून सांगणारी वहीतली ही एकच नोंद आहे. मी तिच्यावर विश्वास ठेवतो, बाकी एकावरही नाही.