पाय तिसऱ्या दिवशीच का दुखतात?

सराव शिबिराच्या पहिल्या दिवशी कुणाचे पाय फारसे दुखत नाहीत. दुखतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तेही चढताना नव्हे, उतरताना. साखळीजवळच्या हरवळ्याच्या धबधब्याकडे जाणाऱ्या पायऱ्या शिबिराच्या तिसऱ्या दिवशी उतरणारा डिचोलीचा फुटबॉलपटू पाहा. कठडा धरून, अंग आडवं करून तो एकेक पायरी उतरेल. परत वर येताना मात्र त्याचं तोंड एवढं वेडंवाकडं होणार नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये आपली मुलं चिखलात हंगामाची तयारी करत असतात. त्याच सुमारास युरोप-अमेरिकेतले स्कीइंगचे तरुण शर्यतपटू चिली किंवा न्यूझीलंड गाठतात, नाहीतर स्वित्झर्लंडमध्ये झेरमाटच्या हिमनदीवर सराव करतात. घरच्या उतारांवरचा बर्फ वितळलेला असतो. आपल्याकडचं या खेळातलं नाव म्हणजे गुलमर्गचा आरिफ खान. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलम शर्यतीत तो ४५वा आला. बर्फाच्या उतारावर वळणावळणाने खाली येताना स्कीपटूच्या मांड्यांवर जे काम पडतं, तेच काम धावता धावता एकदम थांबणाऱ्या, दिशा बदलणाऱ्या फुटबॉलपटूच्या मांड्याही करतात. दोघांचं दुखणं एकाच घराण्यातलं आहे.

मैदानावर विचारलं तर बहुतेक जण सांगतात, ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय.’ हे खरं नाही. जोराच्या धावण्यानंतर रक्तात वाढलेलं लॅक्टेट तासाभरात जवळपास मूळ पातळीवर येतं. मग परवाच्या धावण्याचं आज दुखणारं काय? अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच सुचवलं होतं की हे उशिरा येणारं दुखणं थकव्याचं नसून स्नायूच्या आतल्या बारीक इजेचं असावं.

ही इजा होते कशी, ते रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी जाळं ओढणं, पाहिलेल्या माणसाला पटकन कळेल. माणसं दोर ओढत असतात तोवर ताण सर्वांवर सारखा असतो. पण लाटेने जाळं उलट खेचलं आणि माणसं दोर न सोडता पाय रोवून मागे सरकू लागली, की त्यातली कच्ची आधी कोलमडतात. स्नायूचंही तसंच. पायरी चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो ताण धरून ठेवतो आणि त्याच वेळी लांबतही जातो. शरीराला ब्रेक लावण्याचं हे काम आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात जायंट स्लॅलमपटूंच्या स्नायूंचं काम मोजलं, तेव्हा या शर्यतीत लांबत जाणाऱ्या आकुंचनाचंच वर्चस्व असल्याचं दिसलं.

स्नायूतंतू हजारो इवल्या खणांचा बनलेला असतो. एकेका खणाची लांबी मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढी. खणांच्या सीमेवरच्या रेषा एरवी आखल्यासारख्या सरळ असतात. ब्रेकचं काम अंगावर पडलेल्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या नागमोडी, कुठे कुठे विस्कटलेल्या दिसतात. दुखणं लगेच जाणवत नाही, कारण डागडुजीसाठी शरीर जो दाह पेटवतं, त्याला आणि त्यामुळे मज्जातंतू हळवे व्हायला वेळ लागतो. २४ ते ७२ तासांत ते कळसाला पोचतं आणि ओसरतं. आधी किंवा नंतर स्ट्रेचिंग केल्याने त्यात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती यापुढची गोष्ट. असं काम एकदा करून बरा झालेला स्नायू तेच काम पुन्हा पडल्यावर फार कमी बिघडतो आणि ही शिकवण कित्येक आठवडे टिकते. त्यासाठी पहिला डोस जबर असावा लागत नाही. थोडक्या उतरत्या धावांनीही बरंचसं संरक्षण मिळतं. म्हणून पहिल्याच दिवशी ‘सुट्टीत खाल्लेलं उतरवू’ म्हणत मुलांना टेकडीवरून वर-खाली पळवणारा प्रशिक्षक त्यांना कणखर करत नसतो, पुढचे तीन दिवस वाया घालवत असतो. दुखणं असह्य झालं आणि लघवी काळपट, चहाच्या रंगाची दिसली, तर मात्र थेट दवाखाना गाठायचा. स्नायू तुटून त्याचा भार मूत्रपिंडांवर आल्याची ती खूण असू शकते.

हे दुखणं कमी ठेवायला पेडणे तालुक्याला एक देणगी आहे: मोरजी, मांद्रे, हरमलची वाळू. बेल्जियममधल्या १९९८च्या अभ्यासात मऊ वाळूत धावायला टणक जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते असं दिसलं. दम जास्त लागतो, पण हादरे कमी बसतात; वाळूतल्या उड्यांनी स्नायू गवतावरच्या उड्यांपेक्षा कमी दुखतात. ओहोटीची दबलेली ओली वाळू यात धरायची नाही, ती पायाला जवळपास मैदानासारखीच. पावसाळ्यात किनारा अरुंद होतो आणि समुद्राकडे उतरता असतो, म्हणून भरती-ओहोटी पाहूनच जावं आणि जितकं एका दिशेने तितकंच उलट दिशेने धावावं; नाहीतर एकच पाय सतत खोल पडतो.

आपल्या हवेची अडचण स्कीपटूला ठाऊक नसते. धावणारा स्नायू वापरलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग कामात आणतो, बाकीची उष्णता होते. एक लिटर घाम वाफ होऊन उडाला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. पण दमट हवेत घाम उडतच नाही. कोपरावरून टपकला, बनियनमधून पिळून निघाला, तरी तो घाम थंडावा देत नाही. शरीर याला सरावतं. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, दहा-चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ घटतं. दक्षिण आफ्रिकेतल्या खोल सोन्याच्या खाणींत १९३०च्या दशकापासून नव्या कामगारांना असंच टप्प्याटप्प्याने उष्णतेत उतरवलं जाई. खाणींच्या डिचोलीने तरी आपल्या पोरांना दोन आठवडे द्यावेत.

आणि पाणी तोडू नये. ‘प्रॅक्टिसमध्ये पाणी प्यायलं की पोटात कळ येते’ या समजापायी पोरांना तहानेलं ठेवणं धोक्याचं आहे. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, घामातून तर मुख्यतः सोडियम जातं. उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज आणि सोबत खारातलं तोर यात पाणी, पिष्ट आणि मीठ तिन्ही येतात. महागड्या पावडरीआधी मी ही वाटी पुढे करेन. मुलगा बरळू लागला, तोल जाऊ लागला, तर गाडी शोधत बसू नका. आधी अंगावर गार पाणी ओता, जमल्यास टबात बसवा, आणि मगच हलवा.

लहान खेळाडूंचा एक प्रश्न मोठ्यांना नसतो. मुली साधारण १२व्या, मुलगे १४व्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने उंच होतात. हाडं आधी लांबतात, स्नायू मागून पोचतात, आणि मांडीच्या स्नायूची ओढ गुडघ्याखालच्या अजून कोवळ्या हाडावर पडते. तिथे दुखरा उंचवटा येतो. १९०३ मध्ये बॉस्टनचे ऑस्गुड आणि झुरिकचे श्लाटर यांनी स्वतंत्रपणे वर्णन केलेलं हे दुखणं बहुधा वाढ पुरी झाली की थांबतं. तोवर उड्या आणि अचानक थांबण्याचे व्यायाम कमी करायचे. पासिंग, पोहणं चालू ठेवता येतं. शिबिराच्या वहीत गोलांशेजारी प्रत्येकाच्या उंचीचा एक रकाना असला आणि दर महिन्याला तो भरला, तर कुणाचं काम कधी हलकं करायचं हे गुडघा सुजण्याआधीच समजेल.