व्यसनमुक्ती : दारू सुटल्यानंतरचे खरे काम



दारू सुटली की सगळं झालं, असं आपल्याला वाटतं. खरं काम तिथूनच सुरू होतं. व्यसन हा आजार आहे. याच विचाराने डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली, तर हात थरथरणे, भास होणे, फिट येणे असे त्रास होतात. ते जिवावरही बेतू शकते. म्हणून शपथा घालणे, कोंडून ठेवणे नको. जेवणातून गुपचूप औषध देणे तर धोक्याचेच. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी.

घरच्यांनी काय करावे?
१) दारूची उधारी फेडू नये, कामावर खोटी कारणे कळवू नयेत.
२) जुन्या चुका रोज उगाळू नयेत.
३) पुन्हा घसरण झाली तर हताश होऊ नये. साखर वाढली म्हणून आपण मधुमेहाचे औषध सोडतो का? लगेच परत उपचाराला न्यावे.
४) 'बाबांवर लक्ष ठेव' असे मुलांना सांगू नये. ते ओझं त्यांचं नाही.

आणि आपण शिक्षकांनी? अशा घरातलं मूल बऱ्याचदा स्वतःलाच दोष देतं. वर्गासमोर काही विचारू नका. बाजूला घेऊन एवढंच सांगा, "बाळा, यात तुझी काही चूक नाही."

मदतीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक आहे. शाळेच्या फलकावर तो जरूर लिहा.