फिरत्या घरांतील सामानाची मांडणी

वर्धा जिल्ह्यांतील रोहणा हें कापसाच्या मुलखांतलें गांव. तेथील बंडी भरणाऱ्या गड्यास पदार्थविज्ञान कोणी शिकविलेलें नसतें. पण ओझें मागें गेलें तर गाडी उलाळ होते आणि पुढें आलें तर बैलांच्या मानेवर भार पडतो, हें तो जाणतो. म्हणून धान्याचें पोतें तळाशीं व आंसाजवळ, अंथरुणें वर, आणि वाटेंत वारंवार लागणारें सामान हाताशीं. आर्वी तालुक्यांतील गांवांना कौंडण्यपूरची कार्तिकी यात्रा जवळची. तिला बंडींतून जाणाऱ्या कुटुंबाचें बिऱ्हाड याच रीतीनें बसे.

आतां बंडीच्या जागीं मोटार आली. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण मंजूर केलें. तयार सजविलेली फिरती घरगाडी मध्यम स्थितींतल्या कुटुंबाच्या आवांक्याबाहेरची असते खरी. परंतु साधी व्हॅन, गांवचा सुतार आणि थोडा विचार एवढ्यावर पुष्कळ काम भागतें. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें गाडीच्या मूळ रचनेंत मन मानेल तसे फेरफार करतां येत नाहींत. तेव्हां पत्रा कापण्याच्या, बैठका उपटण्याच्या भरीस न पडतां, प्रवासापुरत्या बसवून नंतर काढतां येतील अशा पेट्या करणें हेंच शहाणपणाचें.

घरांतील कपाट आणि गाडींतील कपाट यांत मोठा भेद आहे. घर हालत नाहीं! ताशीं ६० किलोमीटर वेगानें चाललेली गाडी कशावर तरी आदळून एकाएकीं थांबली, तर आंतील सुटी वस्तु त्याच वेगानें पुढें जाते. तो वेग सेकंदास सुमारें १७ मीटर होतो. म्हणजे सुमारें १४ मीटर उंचीवरून, चौथ्या मजल्यावरून म्हटलें तरी चालेल, ती वस्तु खालीं टाकल्यासारखेंच झालें. पांच किलोंचा पिठाचा डबा अशा वेगानें पुढें बसलेल्या मुलाच्या डोक्यावर आला तर काय होईल, हें सांगावयास नको. कपाट सुंदर दिसण्यापूर्वीं तें धरून ठेवणारें असलें पाहिजे.

मापापासून आरंभ करावा. गाडीच्या भिंती सरळ नसतात, पोटाशीं फुगून वर आंत वळलेल्या असतात. त्यासाठीं जाड खाकी कागद भिंतीला लावून त्याचा सांचा कापावा व तो सुतारास द्यावा. नुसत्या टेपानें घेतलेलीं मापें हटकून फसवितात. लांकूड हलकें हवें. बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची आठ फूट बाय चार फुटांची एक फळी सुमारें २० किलो भरते. अशा पांच फळ्या लागल्या कीं दीड माणसाचें ओझें सामान चढण्यापूर्वींच वाढलें. कांहीं हौशी लोक सागवानी कपाटें करवितात. सागवान घरांत शोभतें; गाडींत तें निव्वळ ओझें.

बैठक हीच पेटी असावी. वरची फळी बिजागरीवर उघडणारी आणि आंत दोन कप्पे. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन. पाण्याचा कॅन, धान्य, हत्यारें हें सर्व या पेटींत, तळाशीं, दोन्ही आंसांच्या मधोमध यावें. पेटी मात्र नुसती ठेवून भागत नाहीं. गाडीच्या तळाला मुळांतच असलेल्या कड्यांना ती जाड पट्ट्यांनीं आवळावी. सांध्यांना खिळे मारूं नयेत, स्क्रू आणि सरस वापरावा. कारण रस्त्याच्या सततच्या हादऱ्यांनीं खिळा हळूहळू वर येतो.

वरच्या फळ्यांना पुढच्या बाजूस चार-पांच सेंटिमीटर उंचीची पट्टी मारावी. दारांना लोहचुंबक पुरत नाहीं, अडसर किंवा कडी हवी. खणासाठीं एक जुनी साधी युक्ति आहे. खणाच्या तळाला पुढें एक खांच करावी व ती चौकटीच्या पट्टीवर बसूं द्यावी; मग खण किंचित् उचलल्याशिवाय बाहेर येतच नाहीं. छताखालीं नवारीच्या पट्ट्यांची जाळी विणली तर पांघरुणें तींत राहतात. तेथें जड वस्तु चुकूनही ठेवूं नये.

भांड्यांसाठीं बुरुडाची टोपली प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षां बरी. ती हलकी असते, दबते, वाजत नाहीं व वारा खेळूं देते. शेवटची सोय महत्त्वाची, कारण वर्ध्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर चढतो आणि बंद गाडींत तर त्याहूनही पुष्कळ वर. लोणचें, तूप, औषधें अशा गाडींत दिवसभर ठेवूं नयेत. दाबानें भरलेले फवाऱ्याचे डबे तर मुळींच नकोत.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें गळती झाल्यास तळाशीं सांचतो. म्हणून सिलिंडर बैठकीखालच्या बंद पेटींत कोंडणें अत्यंत धोक्याचें. शेगडी बाहेर, झाडाच्या सावलींत मांडावी आणि शिजलेलें अन्न आंत आणावें. बंडीनें जाणारीं माणसेंही चूल गाडींत मांडीत नसत.