ओझे साखळीवर, जोर बेअरिंगवर

गोदामात किंवा मालधक्क्यावर काम करणारी फोर्कलिफ्ट तुम्ही पाहिली असेल. पुढे दोन आडव्या लोखंडी पट्ट्या, त्यांवर पोत्यांची थप्पी आणि मागे उंच उभा सांगाडा. या सांगाड्याला मास्ट म्हणतात. बॅटरीवर चालणाऱ्या स्टॅकर गाडीलाही असाच मास्ट असतो. पट्ट्यांची चौकट मास्टच्या खोबणीत वरखाली सरकते. ती घासू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना खोबणीत धावणारी बेअरिंगे बसवलेली असतात.

आता सांगा पाहू, पट्ट्यांवरचे ओझे कोण पेलते? ‘बेअरिंगे’ असे तुम्ही म्हणाल, पण ते बरोबर नाही. वजन साखळ्या पेलतात आणि साखळ्यांना तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या ओढतो. मग बेअरिंगांचे काम काय?

टेबलाचा पुस्तकांनी भरलेला खण हळूहळू बाहेर ओढा. खाली हाताचा आधार मात्र ठेवा. खणाची पुढची बाजू झुकते आणि मागची कड वर जाऊन फळीला टेकते. खण जितका बाहेर, तितका हा दाब जास्त. फोर्कलिफ्टमध्येही तसेच होते. माल पुढे असल्यामुळे चौकट पुढे कलू पाहते. वरची बेअरिंगे खोबणीच्या पुढच्या भिंतीवर आणि खालची मागच्या भिंतीवर दाबली जातात.

हा दाब किती? समजा, माल १००० किलोग्रॅम आहे. त्याचा गुरुत्वमध्य बेअरिंगांच्या ६० सेंटिमीटर पुढे आहे आणि वरच्या व खालच्या बेअरिंगांत ४० सेंटिमीटर अंतर आहे. तरफेच्या नियमाने १००० × ६० ÷ ४० = १५०० किलोग्रॅम-भार. म्हणजे मालाच्या वजनाहून दीडपट! माल आणखी २० सेंटिमीटर पुढे सरकला, तर हाच दाब २००० होतो. वजन तेवढेच, जोर मात्र वाढला.

साधे बेअरिंग घट्ट घरात बसते. घराचा त्याला सगळीकडून आधार असतो. येथे बाहेरचे कडेच चाक होऊन धावते आणि खोबणीला अगदी थोड्या जागेत टेकते. म्हणून ते जाड, कठीण पोलादाचे करतात. अशा स्पर्शातील दाबाचे गणित हाइनरिश हर्ट्‌झ यांनी १८८१-८२ मध्ये मांडले. पुढे रेडिओलहरींमुळे प्रसिद्ध झालेले हर्ट्‌झ ते हेच.

तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते. तसेच हजारो वेळा दाबले गेल्यावर पोलादही थकते. सूक्ष्म भेगा पडतात, टवके उडतात आणि बेअरिंग ढिले होते. उंच उचलताना मास्टचा आतला भागही अशाच बेअरिंगांवर वर सरकतो. तेथे ६० सेंटिमीटर अंतरावरच्या बेअरिंगांत २ मिलिमीटर ढिलाई असली, तर त्यांच्या ३ मीटर वर असलेला माल १० मिलिमीटर डोलतो!

म्हणूनच बेअरिंग बदलताना केवळ भोकाचे माप जुळून भागत नाही. बाहेरचा व्यास खोबणीला जुळला पाहिजे. पातळ कड्याचे साधे बेअरिंग बसवले, तर ते पिचू शकते. आणि उचललेल्या पट्ट्यांखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, उभे राहू नये.

जाता जाता एक प्रश्न. वरच्या उदाहरणात बेअरिंगांतील अंतर ४० ऐवजी ५० सेंटिमीटर केले, तर १५०० चे किती होतील? स्वतः काढून पाहा.