मोकळ्या जागेची किंमत

नोव्हेंबर २००१. अ‍ॅपलने मॅकसाठी आयट्यून्स २.० आणले आणि काही जणांच्या डिस्कवरचे सगळे पुसले गेले. जुनी आवृत्ती काढून टाकणाऱ्या स्क्रिप्टमध्ये डिस्कचे नाव अवतरणचिन्हांत नव्हते, आणि या मंडळींच्या डिस्कच्या नावात मोकळी जागा होती. घाईघाईने २.०.१ आले, पण गेलेले गेले.

अशा स्क्रिप्टमधल्या आज्ञा चालवणाऱ्या शेलच्या लेखी मोकळी जागा म्हणजे शब्द संपला. ‘लग्नाचे फोटो’ हा तुमचा एक फोल्डर, पण शेलला तिथे दोन नावे दिसतात. आज्ञा नुसती वाचायची असेल तर ‘फाइल सापडली नाही’ एवढ्यावर निभावते. पुसायची असेल, तर ‘फोटो’ नावाचा भलताच फोल्डर असल्यास तो जातो, आणि या वाटेने गेलेले ट्रॅशमध्येही सापडत नाही.

नाव व्हेरिएबलमध्ये ठेवले म्हणून सुटका होत नाही. बॅश हा शेल आतली किंमत भरतो आणि मग ती पुन्हा मोकळ्या जागांवर तोडतो. म्हणून डॉलर चिन्हासकट व्हेरिएबल दुहेरी अवतरणात घाला. एकेरी चालणार नाही, त्यात डॉलर हे नुसते अक्षर उरते.

तुमची जुनी बॅकअप स्क्रिप्ट आजच उघडा आणि अवतरणाबाहेर राहिलेला प्रत्येक डॉलर शोधा.